कोणत्या दारी काय मागावे?

(तिगाव येथे सीमाभागातील मराठी नागरिकांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सीमेवरच्या गावी भाषणाला येणारा मनुष्य बहुधा अन्यायाची यादी बरोबर घेऊन येतो. ती यादी खोटी असते असे नाही. परंतु ती तुम्हांस आमच्यापेक्षा अधिक पाठ आहे, कारण ती तुम्ही भोगलेली आहे. म्हणून आज आम्ही ती वाचून दाखविणार नाही. आज आम्हांस बोलावयाचे आहे ते लोकशाही राज्यकारभाराच्या रचनेविषयी. ग्रामसभा, जनपद, जिल्हा, राज्य आणि केंद्र अशी ही सत्तेची उतरंड आहे. यांपैकी कोणाचे काम काय, समाजाला त्यांच्याकडून काय मिळावयास हवे, आणि विलीनीकरणाची मागणी करणाऱ्या माणसाने कोणत्या दारी काय मागावे, एवढाच आजचा विषय आहे.

विषय रुक्ष वाटेल. पण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये गोटमार होते, तेथेदेखील झेंडा कोठे रोवला आहे हे पाहूनच लोक पात्रात उतरतात. आपल्या चळवळीत मात्र झेंडा दिल्लीत, दगड भोपाळवर आणि राग गावच्या पटवाऱ्यावर, असा प्रकार पुष्कळदा होतो. त्याने पटवारी त्रासतो. प्रश्न जागच्या जागी राहतो.

एका तारखेने काय बदलले

प्रथम थोडा इतिहास. ज्या नागपुरापासून आपणांस वेगळे केले गेले, ते नागपूर देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंदाने, अठराव्या शतकाच्या आरंभी वसविले. आणि तो देवगड आजही छिंदवाडा जिल्ह्यात सातपुड्याच्या कुशीत उभा आहे. पुढे नागपूरकर भोसल्यांचा अंमल आला, इंग्रजी अमलात १८६१ साली मध्य प्रांत झाला, पण राजधानी नागपूरच राहिली. १९३६ साली नागपुरास हायकोर्ट झाले. १९५० च्या कायद्याने त्या वेळच्या मध्य प्रदेशात हिंदी आणि मराठी या दोन्ही राज्यभाषा ठरल्या. तात्पर्य, १९५६ च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत तिगावच्या शेतकऱ्याची राजधानी, त्याचे वरिष्ठ न्यायालय, त्याची मोठी बाजारपेठ आणि त्याची आगगाडी या चारही गोष्टी एकाच दिशेला होत्या, आणि सरकारदरबारी त्याची भाषा मान्य होती.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हे सारे पालटले. नागपूर, वर्धा, चांदा, भंडारा, अमरावती, अकोला, बुलढाणा आणि यवतमाळ हे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्हा नव्या मध्य प्रदेशात राहिला, आणि त्याच्याबरोबर आपला हा मुलूखही राहिला. राजधानी भोपाळला गेली, हायकोर्ट जबलपूरला गेले. संत्र्याच्या गाड्या, लग्नसोयरिकी, दवाखान्याची धावपळ मात्र पूर्वीप्रमाणे नागपूरकडेच चालू राहिली. व्यवहाराचे तोंड दक्षिणेकडे आणि कारभाराचे तोंड उत्तरेकडे, अशी आपली अवस्था त्या दिवसापासून झाली आहे.

हे का झाले? कोणी सूड उगवला म्हणून नव्हे. फाझल अली, हृदयनाथ कुंझरू आणि के. एम. पणिक्कर यांच्या राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ च्या अहवालात सर्वसाधारणपणे जिल्हा हा घटक मानला. आयोगाने आठ मराठी जिल्ह्यांचे स्वतंत्र विदर्भ राज्य सुचविले. संसदेने ते जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात घातले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र जन्मास आला. तीन वेळा नकाशा रंगविला गेला आणि तिन्ही वेळा आपण रेषेबाहेर राहिलो. कारण रंगाऱ्याच्या हाती जिल्ह्याएवढी रुंद कुंचली होती; तहसील तिच्याखाली झाकली गेली.

बारीक कुंचली त्या काळी अस्तित्वात नव्हती काय? होती. आंध्र आणि मद्रास यांच्या सीमेचा तंटा ह. वि. पाटसकर यांनी खेडे हा घटक, भाषिक बहुमत आणि भौगोलिक सलगता या तत्त्वांवर सोडविला. १९५९ साली संसदेने तसा कायदा केला आणि १ एप्रिल १९६० पासून तो अमलात आला. हेच पाटसकर त्या वेळी मध्य प्रदेशाचे राज्यपाल होते! जे तत्त्व त्यांनी दक्षिणेत लावून दाखविले, ते ज्या राज्याचे राज्यपालपद ते भूषवीत होते त्याच्या सीमेवर कोणी लावले नाही. १९६० साली महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले तेव्हाही उंबरगाव, नवापूर, नंदुरबार, अक्कलकुवा आणि तळोदा या तालुक्यांतील गावे एकेक करून मोजली गेली व गुजरातेस दिली गेली. तेव्हा खेडे हा घटक मानावा ही आमची मागणी नवी नाही, अव्यवहार्यही नाही. भारताच्या संसदेने ती दोनदा व्यवहारात आणली आहे.

खालचे मडके

उतरंडीत साऱ्यांचा भार सर्वांत खालच्या मडक्यावर असतो. लोकशाहीत ते मडके म्हणजे ग्रामसभा. १९९३ साली अमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने तिला घटनेत स्थान दिले आणि पंचायतींकडे सोपविण्याजोगे २९ विषय अकराव्या परिशिष्टात नोंदविले: पिण्याचे पाणी, रस्ते, प्राथमिक शिक्षण, आरोग्य, लघुपाटबंधारे. मध्य प्रदेशाने १९९३ सालीच आपला पंचायतराज कायदा केला आणि १९९४ साली नव्या घटनादुरुस्तीनुसार निवडणुका घेण्यात तो देशात सर्वांच्या पुढे राहिला. ज्याचे श्रेय त्याला दिले पाहिजे. आमचे भांडण सीमारेषेशी आहे, शेजाऱ्याच्या चांगुलपणाशी नाही.

पण कायद्याने दिलेली ग्रामसभा आणि प्रत्यक्षात भरलेली ग्रामसभा यांत किती अंतर आहे हे तुम्हीच सांगा. विलीनीकरणाच्या सभेला दोनशे माणसे जमतात आणि पाण्याच्या टाकीचा हिशेब ज्या ग्रामसभेत मांडला जातो तेथे वीससुद्धा जमत नाहीत, तर त्या दोनशेंचा उत्साह आम्हांस फारसा धीर देत नाही. गाव करील ते राव काय करील, असे आपले पूर्वज म्हणत आले. ग्रामसभेचे इतिवृत्त मराठीतही वाचून दाखवावे, हिशेबाचा फलक मराठीतही लावावा, लाभार्थ्यांची यादी सर्वांसमक्ष मोठ्याने वाचावी, या गोष्टी मागावयास सीमारेषा हलण्याची वाट पाहावी लागत नाही. त्या गावातच मागावयाच्या आणि गावातच मिळवावयाच्या आहेत.

जनपद या शब्दामागेही आपला इतिहास आहे. १९४८ साली मध्य प्रांत-वऱ्हाडात द्वारकाप्रसाद मिश्र यांच्या योजनेने तहसिलीसाठी जनपद सभा निर्माण झाल्या. कारभार तहसिलीएवढा जवळ असावा, हा त्यामागचा विचार होता. मध्य प्रदेशात विकासखंडाच्या पंचायतीस आजही जनपद पंचायत म्हणतात. महाराष्ट्राने वेगळी वाट धरली. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशीने १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या आणि शाळा, दवाखाने, रस्ते यांचा भार जिल्ह्याच्या लोकनियुक्त सभेकडे गेला. एकाने तहसिलीला बळ दिले, दुसऱ्याने जिल्ह्याला.

परंतु रचना कितीही चांगली असली तरी निवडणूकच झाली नाही तर तिचा उपयोग काय? मध्य प्रदेशातील पंचायतींच्या निवडणुका मुदत टळून गेल्यानंतर, सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये बजावल्यावर झाल्या. आणि ज्या महाराष्ट्रात आपण जाऊ इच्छितो, तेथे त्याच वर्षी बहुतेक जिल्हा परिषदांवर प्रशासक बसले व पुढे कित्येक वर्षे हलले नाहीत. ही गोष्ट आम्ही या व्यासपीठावरून मुद्दाम सांगतो. विलीनीकरण म्हणजे स्वर्गारोहण नव्हे. तेथेही हक्क मागूनच घ्यावे लागतील. फरक एवढाच की ते आपल्या भाषेत मागता येतील.

नवा जिल्हा, जुनी अडचण

आता जिल्ह्याकडे वळू. ५ ऑक्टोबर २०२३ पासून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि पांढुर्णा व सौंसर या दोन तहसिली त्यात आल्या. दाखल्यासाठी, जमिनीच्या अपिलासाठी छिंदवाड्याची वारी करणाऱ्याचा दिवस आणि भाडे वाचावे, हा लाभ लहान नाही. कारभार जवळ आला म्हणजे गरिबाचा खर्च कमी होतो; लोकशाहीच्या पायऱ्या समाजाच्या उपयोगी पडतात त्या अशा. मात्र जिल्हा म्हणजे केवळ कलेक्टर कचेरी नव्हे. लोकनियुक्त जिल्हा पंचायत, जिल्हा न्यायालय, जिल्हा रुग्णालय ही सर्व अंगे पुरी झाल्यावाचून जिल्हा पुरा झाला असे म्हणता येणार नाही.

या नव्या जिल्ह्याचे याहून मोठे महत्त्व आहे, आणि ते अद्याप पुष्कळांच्या ध्यानात आलेले नाही. १९५६ साली जिल्हा हा घटक मानल्यामुळे आपण छिंदवाड्याच्या मोठ्या हिंदी लोकसंख्येत बुडालो. आज ज्या दोन तहसिलींविषयी आपण सत्तर वर्षे बोलत आलो, नेमक्या त्याच दोन तहसिलींचा जिल्हा झाला आहे. तहसिलीसाठी जिल्हा फोडता येत नाही, हे जे उत्तर त्या वेळी होते, ते उत्तर आता उरलेले नाही. मध्य प्रदेश सरकारने कारभाराच्या सोयीसाठी जी रेषा आखली, तिने आपल्या मागणीचा आराखडा आपोआप कागदावर उतरविला आहे.

दुसरी गोष्ट. भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणाविषयी केंद्र सरकारचे १९५६ चे निवेदन आणि १९६१ ची मुख्यमंत्र्यांची परिषद यांतून काही नियम ठरले. शाळेत ४० किंवा वर्गात १० मुले एका मातृभाषेची असतील तर प्राथमिक शिक्षण त्या भाषेतून देण्याची सोय व्हावी. ज्या भागात १५ टक्के लोक अल्पसंख्य भाषा बोलतात तेथे महत्त्वाचे नियम व सूचना त्या भाषेतही प्रसिद्ध व्हाव्यात. ज्या जिल्ह्यात ६० टक्के वा अधिक लोक ती भाषा बोलतात तेथे ती त्या जिल्ह्यापुरती जादा राज्यभाषा व्हावी. या नियमांना कायद्याचे बळ नाही हे खरे. पण ते राज्यांच्या मुख्यमंत्र्यांनी मान्य केलेले आहेत. आणि यांतील शेवटचा हिशेब जिल्हावार होतो! छिंदवाड्यात राहून जो आकडा कधीच दिसला नसता, तो पांढुर्णा जिल्ह्यात दिसू शकतो.

म्हणून जनगणनेला आम्ही इतके महत्त्व देतो. २०२१ ची जनगणना झाली नाही; पुढील जनगणनेसाठी केंद्र सरकारने १ मार्च २०२७ हा संदर्भदिन ठरविला आहे. हा जिल्हा स्वतंत्र म्हणून मोजला जाण्याची ती पहिलीच वेळ. मातृभाषेच्या रकान्यात जो शब्द पडेल तो पुढे दहा वर्षे प्रत्येक सरकारी टेबलावर आपली साक्ष देईल. ज्याच्या घरी मराठी बोलली जाते त्याने मराठी सांगावी. शाळेत हिंदी शिकलो म्हणून हिंदी सांगू नये, आणि गणना करणाऱ्याने विचारण्यापूर्वीच काही लिहू नये याकडे लक्ष ठेवावे. पवारी म्हणून नोंदलेली बोली २०११ च्या जनगणनेत हिंदीखाली मोजली गेली, हेही ज्यांच्या घरी ती बोलली जाते त्यांनी जाणून असावे. उत्तर काय द्यावयाचे हे ज्याचे त्याने ठरवावे.

पण येथे एक पथ्य आहे. ज्याची भाषा हिंदी त्याने हिंदी लिहावी, ज्याची गोंडी त्याने गोंडी लिहावी. पांढुर्णा विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे, हे आपण विसरता कामा नये. नागपूर वसविणारा राजा गोंड होता, आणि आजच्या आमच्या मागणीत गोंडाच्या भाषेला जागा नसेल तर आमच्या तक्रारीला नैतिक बळ कोठून येणार? जो न्याय आम्ही भोपाळकडे मागतो, तोच आमच्या गावातील लहान वस्तीला आम्ही दिला पाहिजे. खेडे हा घटक मानावयाचा म्हणजे ज्या खेड्याला यावयाचे नाही त्याचेही मत मोजावयाचे.

दोनशे तीसांत दोन

राज्याच्या पायरीवर आपली ताकद किती? मध्य प्रदेशाच्या विधानसभेत २३० आमदार. त्यांत पांढुर्णा आणि सौंसर मिळून दोन. छिंदवाडा लोकसभा मतदारसंघात विधानसभेचे सात मतदारसंघ. त्यांतही आपले दोनच. यावर विरोधक म्हणतात, महाराष्ट्रात गेलात तरी २८८ मध्ये आणखी दोनच होणार, आणि राजधानी भोपाळहून मुंबईला म्हणजे अधिकच दूर जाणार. हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. मुंबई दूर आहे हे खरे. परंतु नागपुरास मुंबई हायकोर्टाचे खंडपीठ आहे, १९५३ च्या नागपूर करारानुसार विधिमंडळाचे एक अधिवेशन तेथे भरते, आणि विभागीय कचेऱ्याही तेथेच आहेत. जबलपूरच्या कोर्टात जाणाऱ्या पक्षकाराला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. आणि संख्येचे म्हणाल तर दोन आमदारांचे मोल केवळ संख्येने ठरत नाही. त्यांच्या मतदाराची भाषा सभागृहाला कळते की नाही, यावरही ते ठरते.

तरीही दुसरी बाजू पुरती पाहू. सांगली जिल्ह्याच्या जत तालुक्यातील सीमेवरच्या गावांनी पाणी मिळत नाही म्हणून कर्नाटकात जाण्याचे ठराव केले होते, आणि २०२२ साली कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांनी त्या ठरावांचा जाहीर हवाला दिला. ती गावे महाराष्ट्रातच होती, तेव्हा तेथे भाषेची अडचण नव्हती. अडचण पाण्याची होती. यावरून राज्यकर्त्यांनी घ्यावयाचा धडा असा की भाषेने माणूस जवळ येतो, पण सेवेने तो टिकतो. मध्य प्रदेशाने २०१० साली लोकसेवांच्या हमीचा कायदा केला. देशात तसा कायदा करणारे ते पहिले राज्य. महाराष्ट्राचा कायदा २०१५ चा. मुदतीत दाखला न मिळाल्यास अपील करण्याचा हक्क आज, याच राज्यात, तुमच्या हाती आहे. घटनेच्या ३५० व्या कलमाने गाऱ्हाण्याचा अर्ज संघराज्यात किंवा राज्यात चालणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येतो. तो अर्ज मराठीत द्या, पोच घ्या आणि ती जपून ठेवा. चळवळीचे दप्तर अशाच कागदांनी भरते. घोषणा वाऱ्यावर जातात.

दिल्लीचे दार

आता शेवटची पायरी. सीमारेषा बदलण्याचा अधिकार ना पंचायतीला, ना विधानसभेला, ना मुख्यमंत्र्याला. घटनेच्या तिसऱ्या कलमाने तो फक्त संसदेचा आहे. राष्ट्रपती विधेयक संबंधित राज्याच्या विधिमंडळाकडे मत मागण्यासाठी धाडतात, पण ते मत संसदेवर बंधनकारक नाही. बाबुलाल पराते यांच्या खटल्यात १९५९ साली सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले. म्हणजे भोपाळने नकार दिला तरी दार बंद होत नाही, आणि मुंबईने होकार दिला म्हणून ते उघडतही नाही.

मुंबईचा होकार तरी आपल्याकडे आहे काय? महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात जो सीमादावा लावला तो कर्नाटकाविरुद्ध. त्यातील ८६५ गावांना २०२३ साली महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा लाभ देण्याचेही ठरले. बेळगाव, कारवार, बिदर, भालकीच्या बांधवांना हा आधार मिळाला याचा आम्हांस आनंदच आहे. पण त्या यादीत सातपुड्याच्या बाजूचे एकही गाव नाही. आपल्या वतीने मध्य प्रदेशाविरुद्ध दावा कोणी केलेला नाही. सीमाप्रश्न म्हटला की मुंबईचे लक्ष दक्षिणेकडे जाते. उत्तरेकडे तिगाव नावाचे स्टेशन आहे, याची आठवण तिला आपणच करून दिली पाहिजे.

बेळगावकडून आणखी एक गोष्ट शिकावयाची आहे. २००५ साली तेथील महानगरपालिकेने विलीनीकरणाचा ठराव केला आणि कर्नाटक सरकारने ती महानगरपालिकाच बरखास्त केली. हा लोकमताचा अपमान होता, यात शंका नाही. पण खालच्या पायरीची सत्ता वरच्या पायरीच्या हाती कशी असते, हेही त्यातून दिसले. म्हणून आमचा आग्रह असा की आपल्या ग्रामसभांनी ठराव जरूर करावेत, ते लोकेच्छेचा पुरावा म्हणून करावेत, आणि त्याच वेळी आपला कारभार इतका स्वच्छ ठेवावा की कोणाला बोट ठेवावयास जागा मिळू नये. ज्या गावचा हिशेब चोख, त्या गावचा ठराव वजनदार.

बंधुभगिनींनो, ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषा मानले. दिल्लीने भाषेचा सन्मान केला. पण त्या भाषेत तिगावच्या मुलाला पहिलीचा धडा मिळेल की नाही हे दिल्ली ठरवीत नाही. ते शाळा ठरविते, जिल्हा ठरवितो, भोपाळ ठरविते. म्हणून हिशेब ग्रामसभेत मागा. सूचनाफलक आणि शाळा जिल्ह्याकडे मागा, आणि मागताना ४०, १० आणि १५ हे आकडे पुढे ठेवा. सेवेची मुदत राज्याकडे मागा. आपला दावा मुंबईपुढे मांडा. आणि सीमारेषा संसदेकडे मागा, खेडे हा घटक मानून, शांततेने आणि कागदोपत्री. यांतील चार गोष्टी रेषा न हलताही मिळू शकतात. आणि त्या मिळविणारे गाव पाचवी मागू लागले म्हणजे त्याला नाही म्हणणे कोणत्याही संसदेला जड जाईल.

येत्या ग्रामसभेची तारीख पंचायतीच्या फलकावर लागेल. त्या दिवशी तुम्ही सर्व तेथे असाल तर आजची ही सभा सार्थकी लागली असे आम्ही समजू.

जय हिंद! जय महाराष्ट्र!